माळ्यावरचा रेडिओ थेट प्लगला लावू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जागतिक रेडिओ दिनाच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत आजोबांच्या रेडिओवरचा लेख आला. नातवाने माळ्यावरून सेट खाली काढला, धूळ पुसली, प्लग लावला आणि मिनिटभरात पेटीतून गाणे सुरू झाले, असे त्यात लिहिले आहे. सोबतचा फोटोही सुंदर होता. लाकडी पेटी, पिवळसर उजेडाची काच आणि पेटीवर हात ठेवून उभ्या असलेल्या आजी. लेख वाचून माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी पोटात गोळाही आला. हा लेख वाचून सोलापुरातल्या आणखी पाचपन्नास घरांत माळ्यावरचे रेडिओ खाली उतरतील, पुसले जातील आणि तसेच प्लगला लावले जातील. त्यांतले काही दहा मिनिटे गातील आणि मग जळतील. एखाद्याला शॉकही बसेल. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते लांबले आहे याची कल्पना आहे. काटछाट करावी लागली तर माझ्याविषयीचे काढा, पण कंडेन्सरविषयीचा मजकूर (कंडेन्सर म्हणजे रेडिओतला वीज साठवणारा सुटा भाग) कृपया ठेवा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, १९५८ ते १९९१ अशी तेहेतीस वर्षे साखर पेठेत रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत होते. दहा बाय आठचा गाळा होता. समोरच्या घरातून मागांचा खडखडाट दिवसभर यायचा. शाळा सुटली की मी घरी न जाता दुकानात जाऊन बसे. अण्णांकडे येणारे गिऱ्हाईक तीन भाषांत तक्रार सांगे. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांना हैदराबाद स्वच्छ लागायला हवे असे, अक्कलकोटकडच्या कानडी मंडळींना धारवाड, आणि आम्हा मराठी माणसांना पुणे-मुंबई. सेट दुरुस्त झाला की अण्णा ही सगळी केंद्रे एकापाठोपाठ लावून दाखवत. एखादे जरी खरखरले तरी सेट पुन्हा टेबलावर उलटा व्हायचा. गिरणीत काम करून कानाने जड झालेले लोक रेडिओचे बटण पूर्ण फिरवून ऐकत. अण्णा म्हणायचे, आपल्या गावच्या सेटचा आउटपुट व्हॉल्व्ह (आवाज मोठा करून स्पीकरला देणारी काचेची नळी) इतर गावांपेक्षा लवकर थकतो. दहा वर्षांची असताना मी हातात कैची धरून त्यांना तारा कापून देत असे, आणि बारा वर्षांची झाले तेव्हा पहिला डाख स्वतः दिला.

पुढे मी बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. २०१२ मध्ये निवृत्त झाले, आणि तेव्हापासून घरच्या मागच्या खोलीत जुने रेडिओ दुरुस्त करते. आजवर ४१ सेट वाजते केले. त्यांपैकी एकही सेट मी जुन्या कंडेन्सरवर चालू करून परत दिलेला नाही. असे का, हे सांगण्यासाठी २००९ च्या दिवाळीबद्दल लिहायला हवे.

अण्णा २००६ मध्ये गेले. त्यांचा स्वतःचा सेट पाच व्हॉल्व्हचा होता. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ (हा आउटपुट व्हॉल्व्ह) आणि ईझेड ८० (हा एसीचा डीसी करणारा). त्या काळी अनेक कारखान्यांच्या सेटमध्ये हीच पाच भावंडे असत. दुकान बंद झाल्यापासून तो सेट कापड गुंडाळून ठेवला होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आई म्हणाली, "अण्णांचा रेडिओ लाव गं." मी लावला. दुकानात वाढलेली मी, आणि त्याच महिन्यात वर्गात फळ्यावर कंडेन्सरची आकृती काढून शिकवलेली. तरी मागचे झाकण काढून एकदा आत पाहावे, हे मला सुचले नाही. आई वाट पाहत होती, मलाही ऐकायचे होते. दहा मिनिटे सेट सुरेख वाजला. खणखणीत आणि भरदार, अगदी लहानपणी वाजायचा तसा. मग आवाज जाडा आणि फाटका होऊ लागला. मागून डोकावले तर ईएल ८४ ची आतली प्लेट निखाऱ्यासारखी लाल झाली होती आणि मेण तापल्याचा वास येत होता. मी प्लग ओढला, पण तोवर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला होता. आई काही बोलली नाही. उठून आत गेली.

हे सगळे एका ०.०१ मायक्रोफॅरडच्या (हे धारणशक्तीचे माप) कंडेन्सरमुळे झाले. दुकानाच्या भाषेत त्याला 'पॉइंट झिरो वन' म्हणत. आज तो एका कटिंग चहाच्या पैशात मिळतो.

त्याचे काम समजून घेतले तर धोका लगेच लक्षात येतो. ईबीसी ८१ ने मोठा केलेला आवाज ईएल ८४ च्या ग्रिडपर्यंत, म्हणजे प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या आतल्या जाळीपर्यंत, याच कंडेन्सरमधून जातो. आवाजाची लहर, म्हणजे एसी, त्याने पुढे जाऊ द्यायची आणि मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा ऐंशी-नव्वद व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर दाब, मात्र दारातच अडवायचा. त्या काळचा कंडेन्सर म्हणजे कागद आणि धातूच्या पातळ पट्ट्या एकत्र गुंडाळून वरून मेण किंवा डांबरासारखा लेप दिलेली नळी. कागद हवेतला ओलावा पितो, वर्षांमागून वर्षे त्यात आम्ल तयार होते, आणि अडवण्याचे काम असलेला कागदच गळू लागतो. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे आपल्याकडचे कंडेन्सर टिकून राहतात, असे मला पुष्कळ जण सांगतात. माझा अनुभव उलट आहे. मे महिन्यात इथे ४३-४४ अंश तापमान असते, त्यात पेटीच्या आतली व्हॉल्व्हची धग. मी उघडलेल्या कितीतरी सेटमध्ये कंडेन्सरचे मेण वितळून चेसिसवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, ओघळलेले होते. मेण गेले की पुढच्या पावसाळ्यात कागद उघडाच.

गळती किती लागते? फारच थोडी. समजा कंडेन्सर गळून १० मेगओहमच्या रेझिस्टन्ससारखा वागू लागला. दहा मेगओहम ऐकायला खूप वाटतात. ग्रिडपासून चेसिसपर्यंत ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स आहे आणि मागे ९० व्होल्ट आहेत, असे धरून हिशोब करा. ग्रिडवर चार व्होल्ट चढतात. ईएल ८४ चे ग्रिड कॅथोडपेक्षा (व्हॉल्व्हच्या मधोमध तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या नळीपेक्षा) सुमारे सात व्होल्ट खाली असावे लागते, तेव्हाच प्लेटमधून ४८ मिलिअँपिअरचा ठरलेला प्रवाह वाहतो. ग्रिड वर सरकले की प्रवाह वाढतो, व्हॉल्व्ह जास्त तापतो, तापलेले ग्रिड स्वतःच बिघडत जाते, त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो. तो सगळा प्रवाह आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसासारख्या तारेतून जातो, आणि ती तार तुटते. माझ्या दहा मिनिटांत नेमके हेच घडत होते. आवाज चांगला येतोय म्हणजे सेट चांगला आहे, असे मी समजत होते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण अलीकडे घरोघरी डिजिटल मीटर आले आहेत. कंडेन्सर मीटरवर लावून पाहिला आणि तो चांगला दिसला, एवढ्यावर विसंबू नका. मीटर दोन-तीन व्होल्टवर मोजतो. सेटमध्ये त्याच कंडेन्सरवर दीडशे-दोनशे व्होल्टही येऊ शकतात, आणि गळती दिसते ती तेव्हा. उलट गळका कंडेन्सर मीटरवर आपल्या लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्तच दाखवतो. ०.०१ च्या जागी ०.०१४ दिसले म्हणून खूश झालेली मुले मी पाहिली आहेत. म्हणून माझा नियम सरळ आहे. कागदाचा कंडेन्सर मोजत बसायचे नाही, बदलायचा. त्याच्या जागी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा, ६३० व्होल्टचा घालायचा. त्यावर ०.०१ ऐवजी १०३ असे लिहिलेले असते, त्याने गोंधळू नका. एखाद्या सेटमध्ये असे दहा-बारा कंडेन्सर असतात. मागच्या वर्षी केलेल्या एका सेटचा कंडेन्सरांचा सगळा खर्च, फिल्टरसकट, ५०० रुपयांच्या आत बसला.

फिल्टर कंडेन्सरची, म्हणजे डीसीतली उरलेली लहर सपाट करणाऱ्या कंडेन्सरची, गोष्ट वेगळी. चेसिसवर उभा असलेला ॲल्युमिनियमचा डबा, त्यावर '५०+५०' किंवा '३२+३२' आणि ३५० व्होल्ट असे काहीतरी लिहिलेले. त्यात कागद नुसता वेगळेपणासाठी असतो. खरे अडवण्याचे काम ॲल्युमिनियमच्या पट्टीवरचा ऑक्साइडचा अतिपातळ थर करतो, आणि तो थर विजेच्या दाबाने टिकून राहतो. सेट वीस वर्षे बंद राहिला की थर झिजतो, आतला ओलसर द्राव वाळतो. मग सेट लावला की सेकंदाला शंभर लहरींचा जाडा घूंऽऽ आवाज येतो. पुष्कळदा तो आवाज म्हणजे शेवटची सूचना असते. त्यानंतर डबा तापतो, फुगतो, आणि ईझेड ८० ला किंवा मेन ट्रान्सफॉर्मरला सोबत घेऊन जातो.

काही जाणकार सांगतात की व्होल्टेज हळूहळू चढवत नेले तर हा थर पुन्हा बनतो, जुना डबा वाचतो. हे खोटे नाही. दुकानाच्या फळीवर पाच-सात वर्षे पडून राहिलेले नवे कंडेन्सर अण्णा असेच जागे करत. पण साठ वर्षांच्या डब्यात वाळून गेलेला द्राव परत येत नाही. थर जमला तरी धारणशक्ती गेलेली ती गेलीच. मी तसा सेट कुणाच्या घरी ठेवून झोपू शकणार नाही.

नवा घालताना ५० च्या जागी ४७, ३२ च्या जागी ३३ मायक्रोफॅरड, आणि ४५० व्होल्टचा. व्होल्टेज जास्त घ्यायचे कारण असे की २५० व्होल्टच्या वाइंडिंगमधून निघालेल्या डीसीचे टोक, सेट प्रवाह घेत नसताना, साडेतीनशे व्होल्टच्या घरात जाते, आणि आपल्याकडे रात्री लाइन कधी कधी २५० ला टेकते. मात्र मायक्रोफॅरड वाढवू नका. 'मोठा घातला की घूं आवाज पूर्ण जाईल' म्हणून ५० च्या जागी २२० घालणारे कारागीर आजही आहेत. ईझेड ८० ला पहिल्या फिल्टरची कमाल मर्यादा ५० मायक्रोफॅरडचीच आहे. त्याहून मोठा कंडेन्सर भरताना प्रवाहाचा जो झटका बसतो, तो या नाजूक व्हॉल्व्हला सोसत नाही.

आता ज्या प्रश्नावर माझे जुन्या वस्तू जमवणाऱ्या मित्रमंडळींशी नेहमी वाजते, त्याविषयी. त्यांचे म्हणणे, मूळ सुटे भाग काढले की सेटची अस्सलता जाते. मला त्यांची कळकळ समजते. पेटी घासून वर चकचकीत पॉलिश मारलेले, मूळ कापड फाडून सोफ्याचे कापड लावलेले सेट पाहून मलाही वाईट वाटते. पण कंडेन्सर हा मुळातच झिजणारा भाग आहे. अण्णांच्या दुकानात १९६५ साली देखील कंडेन्सर बदलले जात होते. मधला मार्गही आहे. जुन्या डब्याच्या बुडाची कड सावकाश उघडून आतला गाभा काढता येतो. आजचे कंडेन्सर इतके लहान असतात की दोन्ही नवे त्याच डब्यात मावतात. मेणाच्या नळ्यांचेही तसेच करता येते. वरून पाहिले तर सेट तसाच दिसतो. काढलेले भाग मी एका पाकिटात घालून, त्यावर तारीख टाकून, पेटीच्या आत ठेवते. पुढे कुणाला अभ्यास करायचा असेल तर तो करता येईल. फक्त ते मेण शेकोटीत किंवा चुलीत टाकू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका.

सगळेच बदलायचे, असा मात्र अर्थ काढू नका. तपकिरी अभ्रकाचे कंडेन्सर आणि सिरॅमिकच्या चकत्या बहुतेक वेळा ठणठणीत असतात, त्यांना हात लावायचे कारण नाही. आणि पत्र्याच्या चौकोनी डब्यांवरचे स्क्रू, ज्यांवर कधी मेणाचा, कधी नेलपॉलिशचा ठिपका असतो, ते तर कृपा करून फिरवू नका. ते ढिले झालेले नसतात. आयएफ, म्हणजे सेटमधली ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी, जुळवून कुणीतरी ते तसे बसवलेले असतात. 'सगळे स्क्रू घट्ट केले' असे अभिमानाने सांगत आलेल्या एका तरुणाच्या सेटवर मी चार संध्याकाळी घालवल्या. त्याला एकही केंद्र लागत नव्हते. कंडेन्सर बदलताना एका वेळी एकच बदला, आधी मोबाइलवर फोटो काढा, मग दुसऱ्याला हात लावा. एकदम सगळे तोडून ठेवले तर कुठली तार कुठे होती हे आठवत नाही.

आता जिवाचा प्रश्न. काही सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सेटला लाइनपासून वेगळे ठेवणारा ट्रान्सफॉर्मर, नसतो. त्यांना एसी-डीसी सेट म्हणत. जिथे डीसी लाइन होती तिथेही ते चालावेत म्हणून तसे बनवले होते. त्यांचे व्हॉल्व्ह पुष्कळदा यू अक्षराने सुरू होतात, यूसीएच, यूएल, यूवाय असे. या सेटचे चेसिस थेट लाइनला जोडलेले असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळ्या पत्र्यावर २३० व्होल्ट. बटणाचा तुटका दांडा किंवा बटणातला बारीक स्क्रू बोटाला लागला तरी पुरेसे आहे. असा सेट ज्याला सवय नाही त्याने उघडूच नये. आणि कुठलाही सेट असो, प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट साठून राहू शकतात. ते स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामे करू नका. दहा किलोओहम, पाच वॅटचा रेझिस्टन्स काही सेकंद लावून धरा, मग मीटरने खात्री करा. लाइनपासून चेसिसला जोडलेला एक कंडेन्सर काही सेटमध्ये असतो. तो बदलताना साधा फिल्मचा चालत नाही, वाय वर्गाचा सुरक्षित कंडेन्सरच हवा, कारण तो शॉर्ट झाला तर माणूस मरतो.

पहिल्यांदा वीज देताना अण्णांचा सिरीज बोर्ड वापरावा. लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात ६० वॅटचा तारेचा जुना बल्ब, आणि त्याच्यामागे रेडिओ. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो भगभगीत पेटूनच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. बल्बने ते सोसले, तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचला. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. तारेचे बल्ब आता दुर्मीळ झालेत, दिसला तर घेऊन ठेवा.

अण्णांच्या सेटचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर पुढे पूर्व भागातल्या एका मोटार रिवाइंडिंगच्या कारागिराने बांधून दिला. यंत्रमागाच्या मोटारी बांधून त्यांचा हात तयार झालेला. इतकी बारीक तार त्यांनी कधी हाताळली नव्हती. तीन वेळा तुटली, चौथ्यांदा जमली. पैसे घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, आमच्या घरचा रेडिओ तुमच्या अण्णांनीच केला होता. २०१० च्या गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या दिवशी, मी तो सेट पुन्हा लावला. सगळे कंडेन्सर नवे, बल्ब सिरीजमध्ये, हातात मीटर. चेसिसच्या तुलनेत ग्रिडवर शून्य व्होल्ट, म्हणजे गळती नाही. आई शेजारी बसली होती. त्यानंतर २०१७ मध्ये ती जाईपर्यंत तो रोज सकाळी वाजला.

संपादक महोदय, शेवटी दोन विनंत्या. पहिली आपल्याला. पुढच्या वेळी जुन्या रेडिओवर लेख छापाल तेव्हा शेजारी एक लहानशी चौकट द्या: 'जुने कागदी आणि फिल्टर कंडेन्सर बदलल्याशिवाय सेट लावू नये.' एवढे एक वाक्य पुरे.

दुसरी विनंती वाचकांना आहे. अण्णा दुरुस्त केलेल्या प्रत्येक सेटच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने नोंद करत. तारीख, मग 'फि. कं. ब.' (फिल्टर कंडेन्सर बदलला) किंवा 'पॉ.झि.व. ब.' असे तुटक, आणि शेवटी एक लहान वर्तुळ, त्याच्या मधोमध ठिपका. सही ते करत नसत. दुकानाची वही मात्र १९९१ मध्ये गाळा सोडताना हरवली. आपल्या माळ्यावरच्या रेडिओचे झाकण उघडाल तेव्हा, प्लग काढलेला आहे याची खात्री करून, आतल्या बाजूला टॉर्च मारून पाहा. ते वर्तुळ दिसले तर या दैनिकाच्या कार्यालयात कळवा. माझा पत्ता तिथे दिला आहे. त्या सेटचे कंडेन्सर मी स्वतः येऊन बदलून देईन, पैसे न घेता. मला फक्त ती तारीख उतरवून घ्यायची आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सोलापूर